सल्ला : लेकीला लॅटिन घेऊ द्यावं का?

पत्र थोडक्यात : म्युनिकजवळच्या एका गावातून एका आईने लिहिलं आहे. आठ वर्षांपासून हे कुटुंब जर्मनीत आहे. मुलगी दहा वर्षांची, गिम्नाझियमच्या, म्हणजे विद्यापीठाकडे नेणाऱ्या शाळेच्या, पाचवीत. सहावीपासून इंग्रजीच्या जोडीला दुसरी परकी भाषा घ्यायची आहे, लॅटिन किंवा फ्रेंच, आणि एप्रिल संपायच्या आत फॉर्म द्यायचा आहे. मुलीला लॅटिन हवं आहे. बाबा म्हणतात, "जी भाषा कुणी बोलत नाही ती शिकायला आपण एवढ्या लांब आलो का?" सांगलीचे आजोबा म्हणतात, मेलेलीच भाषा शिकायची तर संस्कृत काय वाईट आहे! आईला मुलीने डॉक्टर व्हावंसं वाटतं आणि लॅटिनशिवाय मेडिकल मिळत नाही असं तिला कुणीतरी सांगितलंय. त्यात वर्गशिक्षिका भेटीत म्हणाल्या, "घरी जर्मन बोलत नाहीत अशा मुलांना लॅटिनचा चांगला उपयोग होतो." ते वाक्य आईच्या मनातून जात नाही. शिवाय घरात लॅटिनचं एक अक्षर कुणाला येत नाही, तर अभ्यास घेणार कोण?

प्रिय ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न लॅटिनचा आहे. दुसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं, लॅटिनबद्दल चार ओळी आहेत आणि वर्गशिक्षिकेच्या त्या एका वाक्याबद्दल दीड पान. तेव्हा आधी तिथूनच सुरुवात करू.

तुम्ही ऐकलंत ते असं : हिचं जर्मन कच्चं आहे, हिला फ्रेंच झेपायचं नाही, हिला तिकडे बसवा. बाहेरून येऊन राहिलेली माणसं असं ऐकतातच. पंचवीस वर्षांत मीही कितीदा ऐकलं, आणि त्यातलं निम्मं खरोखरच तशा अर्थाने म्हटलेलं होतं. पण या वेळी बाईंना बहुधा दुसरंच काही सांगायचं होतं.

लॅटिनच्या तासाला लॅटिनमध्ये गप्पा मारत नाहीत. तास चालतो जर्मनमध्ये. फळ्यावर एक वाक्य असतं, त्याची चिरफाड करायची आणि मग ते धड जर्मनमध्ये बसवायचं. 'पेतेरे' हे एक क्रियापद घ्या. त्याचा अर्थ मागणं, एखाद्या जागेकडे निघणं, आणि चक्क हल्ला करणंही. सैनिक शहराकडे निघालेत की शहरावर तुटून पडलेत, हे आजूबाजूच्या शब्दांवरून ठरवायचं आणि मग त्याला नेमकं जर्मन क्रियापद हुडकायचं. चाळीस-पंचेचाळीस मिनिटं मुलं हेच करतात. म्हणजे लॅटिनच्या निमित्ताने मुलगी रोज जर्मनच घोटत असते. तेही सावकाश, लिहून, 'हा शब्द की तो' असं तोलून. एरवी वर्गात जर्मन इतकं भरभर अंगावर येतं की असं थांबून बघायला कुणाला सवड नसते.

बर्लिनच्या नॉइकोल्न भागात पुष्कळ मुलांच्या घरी तुर्की किंवा अरबी बोलतात. तिथल्या एका गिम्नाझियममध्ये हुम्बोल्ट विद्यापीठातल्या लॅटिनच्या अभ्यासकांनी याच दिशेने काम केलं. लॅटिनकडे त्यांनी जर्मनपर्यंत नेणारा पूल म्हणून पाहिलं. प्रकल्पाचं नावच 'पोन्स लातिनुस', लॅटिन पूल. आणखी एक बाब आहे, जी कुणी फारशी बोलून दाखवत नाही. फ्रेंचच्या वर्गात एखाद्याची आत्या स्ट्रासबुर्गला असते, एखादी दर उन्हाळ्यात फ्रान्सच्या किनाऱ्यावर जाऊन येते. लॅटिन मात्र कुणाच्याच घरी बोलत नाहीत. डॉक्टरांचा मुलगा आणि तुमची मुलगी, दोघंही पहिल्या दिवशी एकाच रेघेवर उभे असतात.

बाईंना याबद्दल सरळ विचारा. "तुम्ही असं का म्हणालात, ते मला नीट समजून घ्यायचंय," एवढं म्हटलं तरी पुरे. उत्तरात त्या मुलीचं एखादं विशिष्ट काम दाखवून बोलल्या, तर त्यांनी तिच्याकडे नीट बघितलंय. 'तुमच्यासारख्या मुलांना' एवढंच पुन्हा ऐकू आलं, तर तुमचा राग रास्त आहे. पण त्या रागाचा फॉर्मशी संबंध जोडू नका.

आता एक गंमत दाखवते. लॅटिनच्या पहिल्या काही धड्यांत असतात तसलं एक वाक्य : 'फीलिअम मातेर वोकात.' फीलिया म्हणजे मुलगी, मातेर म्हणजे आई, वोकात म्हणजे हाक मारते. जर्मन मूल डावीकडून वाचत जातं आणि उत्तर देतं, मुलगी आईला हाक मारते. चूक! त्या मुलाचा तरी काय दोष? 'डी टॉख्टर रूफ्ट डी मुटर' असं शब्दाला शब्द ठेवलं तर जर्मनमध्ये कोण कुणाला हाक मारतंय ते कळतच नाही, कारण दोन्हीकडे नामाआधीचं उपपद 'डी'च आहे. मग ते पहिल्या शब्दाला कर्ता धरतं. इंग्रजीने तर सवयच लावलेली असते की पहिला येईल तो कर्ता.

आता हेच मराठीत म्हणा : लेकीला आई बोलावते. शब्दांचा क्रमसुद्धा हलवावा लागला नाही. फीलिआचं फीलिअम झालं, तिथे आपल्याकडे 'ला' लागला. 'आई लेकीला बोलावते' म्हणा, 'बोलावते लेकीला आई' म्हणा, 'ला' आपली जागा सोडत नाही. तुमची मुलगी जन्मापासून हे ऐकत आली आहे. 'पाऊस'चा 'पावसात' होतो, मूळ शब्दच कूस बदलतो, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मग 'रेक्स'चा 'रेगेम' झाला म्हणून ती दचकायची नाही. क्रियापद बहुतेकदा शेवटी, तेही ओळखीचं. तो-ती-ते अशी तीन लिंगं आपल्याकडे, तशी तिथेही तीन. आणि नामाआधी लिंगाप्रमाणे लावायच्या जर्मन डेर-डी-डासचा जाच लॅटिनमध्ये नाहीच, कारण तसले शब्दच त्या भाषेत नाहीत.

पण हे सगळं आपोआप तिच्या डोक्यात शिरणार नाही. वर्गात तिला मराठी आठवणार नाही, कारण शाळेत मराठी बाजूला ठेवायची सवय तिला आपणच लावलेली असते. ही जोडणी तिला कुणीतरी एकदा बोट ठेवून दाखवावी लागते. बाईंना मराठी येत नाही. तेव्हा ते काम तुमचं. 'अभ्यास घेणार कोण' या तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं. उरलेल्या निम्म्याकडे पुढे येते.

मेडिकलची भीती मात्र मनातून काढून टाका. जर्मनीत वैद्यकीय प्रवेशासाठी लॅटिनची अट नाही. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच वैद्यकीय परिभाषेचा एक छोटा अभ्यासक्रम करावा लागतो. त्यात लागेल तेवढं लॅटिन आणि ग्रीक शिकवतात, आणि शाळेत फ्रेंच घेतलेली मुलंही तो पार पाडतात. कायद्यालाही अट नाही. लॅटिन पुरेसं येतं असा 'लाटिनुम' नावाचा शेरा दाखल्यावर लागतो खरा. लॅटिन, कॅथलिक धर्मशास्त्र, काही विद्यापीठांत इतिहास किंवा पुरातत्त्व यांना तो मागतात. तो विद्यापीठात जाऊनही मिळवता येतो, फक्त तिथे चार-पाच वर्षांचं ओझं दोन-तीन सत्रांत उचलावं लागतं.

दुसरी समजूत तुमच्या यजमानांच्या एका सहकाऱ्याने दिलेली दिसते : लॅटिनने डोकं तल्लख होतं, आणि पुढे सगळ्या युरोपीय भाषा सोप्या जातात. लुडविग हाग आणि एल्सबेट श्टेर्न या दोघा मानसशास्त्रज्ञांनी हे तपासून पाहिलं. तर्कशक्तीत लॅटिनवाली मुलं पुढे गेलेली दिसली नाहीत. 2003 साली त्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर शाळेत फ्रेंच शिकलेल्यांना स्पॅनिश शिकताना लॅटिनवाल्यांपेक्षा जास्त सोपं गेलं. साहजिकच आहे, कोकणी शिकायची तर मराठी येणाऱ्याला जेवढी मदत होईल तेवढी संस्कृत येणाऱ्याला होणार नाही. पुढे स्पॅनिश किंवा इटालियन हवी म्हणून लॅटिन घेऊ नका, तो वळसा आहे.

आजोबांच्या संस्कृतकडे वळते. त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे, पण त्यात एक गैरसमजही दडलेला आहे, आणि तो तुमच्याही पत्रात आहे : 'लॅटिन म्हणजे इथलं संस्कृत, पाठ केलं की मार्क मिळतात.' आपल्याकडे आठवीत संस्कृत घ्यायचं ते बहुतेकदा टक्के वाढवायला. शब्द चालवा, सुभाषितं पाठ करा, ठरलेल्या उताऱ्यांची भाषांतरं घोका, शंभराच्या आसपास जा. इथल्या लॅटिनच्या चाचणीत कधी न पाहिलेला उतारा समोर येतो. पाठांतर लागतंच, पण ते फक्त दाराशी नेऊन सोडतं. हे मुलीला आणि स्वतःलाही आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिली चाचणी हातात पडल्यावर घरात सुतक.

बाकी नातं आहेच. मातेर-मातृ, इग्निस-अग्नि, सेप्तेम-सप्त, नोवुस-नव, देन्स-दन्त. विल्यम जोन्सने 1786 साली कलकत्त्यात हे साम्य जाहीरपणे मांडलं आणि तिथून भाषांची तुलना करणारं एक अख्खं शास्त्र उभं राहिलं. फक्त 'लॅटिन आपल्या संस्कृतातूनच निघाली' असा निरोप फॅमिली ग्रुपवर आला तर मुलीला दाखवू नका. दोघी बहिणी आहेत. आई निराळी, आणि तिचं लिहिलेलं काही उरलेलं नाही.

आता वाईट बातमी. सहावीचं वर्ष गोड जातं. रोमन कुटुंब, बाजार, स्नानगृहं, रथांच्या शर्यती, छोटी वाक्यं. सातवीच्या मध्यावर रूपं साचायला लागतात आणि आठवीत पुष्कळ मुलं घसरतात, कारण सहावीतले शब्द कच्चे राहिलेले असतात. मग पाठ्यपुस्तक संपून खरे लेखक सुरू होतात, बहुधा सीझर, आणि त्याचं एक वाक्य सात-आठ ओळी चालतं. या धक्क्याला शिक्षकांनी नावच ठेवलंय, 'लेक्ट्यूरेशॉक'. माझ्या मुलाला आठवीत पाच मिळाले होते. भारतातल्या नातेवाइकांसाठी सांगते, इथे एक सर्वांत चांगला आणि सहा सर्वांत वाईट. लॅटिन हा मुख्य विषय आहे. बायर्नमध्ये, म्हणजे तुमच्या राज्यात, वर्षअखेरीस बढतीसाठी धरतात त्यांतल्या दोन विषयांत पाच किंवा एकात सहा आले तर सर्वसाधारणपणे वरच्या वर्गात घालत नाहीत. गणित कच्चं असेल तर हे विसरू नका. (माझा मुलगा निभावला. लॅटिनवर त्याचं प्रेम कधीच बसलं नाही, पण रोमन कवी ओव्हिडची इकारोसची गोष्ट त्याला अजून पाठ आहे. का, ते मला ठाऊक नाही.)

त्यामुळे 'लॅटिनचा उपयोग काय' हा प्रश्न बाजूला ठेवून मुलीला विचारा, 'तुला का हवंय?' पत्रात तिला हवंय एवढंच आहे, कारण नाही. मैत्रीण घेतेय म्हणून असेल तर ते कारण सहावीच्या नाताळपर्यंत टिकतं. कोडी सोडवायला आवडतात, एखादा शब्द कुठून आला ते विचारत बसते, घाई केली की चिडते, अशी असेल तर लॅटिन तिला मानवेल. उलट ऐकून ऐकून भाषा उचलणारी, नकला करणारी, चुकलं तरी बडबडणारी असेल तर तिला फ्रेंच द्या. लॅटिनच्या तासाला तिचा जीव गुदमरेल. वर्गात बोलायला लाजते म्हणून लॅटिन बरं, हा विचार मला फारसा पटत नाही. दहाव्या वर्षीचं लाजणं बाराव्या वर्षी असेलच असं नाही.

फ्रेंचच्या बाजूने सगळ्यात वजनदार मुद्दा तुमच्या यजमानांनी मांडलेलाच नाही. तुम्ही इथे किती वर्षं राहणार? तीनेक वर्षांत पुण्याला परतायचा विचार असेल तर फ्रेंच घ्या आणि विषय संपवा. पुण्यात फ्रेंच पुढे चालू ठेवता येईल. लॅटिन तिथल्या शाळेत मिळणं कठीण, आणि अर्धवट लॅटिन हे अर्ध्यावर सोडलेल्या विणकामासारखं, अंगातही घालता येत नाही आणि टाकूनही देववत नाही. इथेच राहणार असाल तर लॅटिन घेतल्याने फ्रेंचचं दार बंद होत नाही. भाषाशाखा असलेल्या गिम्नाझियममध्ये आठवीपासून तिसरी परकी भाषा घेता येते. तुमच्या शाळेत ती सोय आहे का, हे फॉर्म भरायच्या आधी विचारून घ्या. इतर राज्यांतल्या वाचकांनीही आपापल्या शाळेत चौकशी करावी. भाषा कोणत्या इयत्तेत सुरू होते, लाटिनुम कधी मिळतो, हे राज्यागणिक बदलतं.

माझं मत विचाराल तर, तुम्ही इथेच राहणार असाल आणि मुलीचं कारण मैत्रिणीच्या पलीकडचं असेल, तर घेऊ द्या.

ठरवण्याआधी एक करा. शाळेकडून सहावीचं लॅटिनचं पुस्तक दोन दिवसांसाठी मागून आणा, किंवा वरच्या वर्गातल्या कुणाचं तरी. तिसरा-चौथा धडा उघडा आणि मागची शब्दांची यादी हाताशी ठेवून दोघी मिळून पाच वाक्यं सोडवा. तिला आधी क्रियापद शोधू दे, मग 'कोण', मग 'कुणाला'. अर्ध्या तासाने ती 'अजून एक' म्हणते की फ्रीज उघडते, ते बघा. फ्रेंचच्या पुस्तकाचंही असंच करा, ध्वनिफीत लावून. सल्ले देणाऱ्या माझ्यासारख्यांपेक्षा या दोन संध्याकाळी तुम्हाला जास्त सांगतील.

आणि ते उरलेलं निम्मं उत्तर. लॅटिन न येताही अभ्यास घेता येतो. रोज दहा-पंधरा मिनिटं शब्द, कार्डांवर लिहून : एका बाजूला लॅटिन, दुसरीकडे जर्मन, आणि कोपऱ्यात तिला सुचेल तो मराठी किंवा इंग्रजी भाईबंद. रविवारी एकदम चाळीस नकोत. पायाभूत शब्द साधारण बाराशेच्या घरात आहेत, चार वर्षांत विभागले तर डोंगर वाटत नाही. भाषांतर तिने केलं की तुम्ही एवढंच म्हणा, "आता मला मराठीत सांग, काय झालं?" 'सेनापती हल्ल्याला मागतो' असलं काही तोंडातून निघालं की ती स्वतःच हसेल आणि मागे जाऊन चूक शोधेल. जर्मनमध्ये असली निरर्थक वाक्यं लिहून मुलं खुशाल पुढे जातात. मराठीत आईला सांगताना ती ऐकू येतात.

'रोमन संस्कृतीशी आपलं काय देणंघेणं' असंही तुम्ही विचारलंय. शाळेत भाषेबरोबर ही संस्कृती शिकवतात, आणि तिथे मुलीने थोडं खवचट असावं असं मला वाटतं. पुस्तकातल्या त्या हसऱ्या रोमन कुटुंबात स्वयंपाक करणारा, पोरांना शाळेत नेणारा माणूस गुलाम असतो. "त्याला कुठून आणला?" हे तिने वर्गात विचारायला हवं. चांगले शिक्षक या प्रश्नाची वाटच बघत असतात.

देणंघेणं म्हणाल तर ते अगदी पैशांचं होतं. थोरला प्लिनी हा रोमन लेखक, जो इसवी सन 79 मध्ये व्हेसुव्हियसच्या उद्रेकात गेला, त्याने लॅटिनमध्ये लिहून ठेवलंय की हिंदुस्थान दरवर्षी आपल्या साम्राज्यातले पाच कोटी सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी, ओढून नेतो. बायकांच्या चैनी आणि मिरी यांवर त्याचा भारी राग. पॉम्पेईच्या राखेत एक हस्तिदंती भारतीय स्त्रीमूर्ती मिळाली, ती आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिच्या धाटणीच्या मूर्ती आपल्याकडे तेरला आणि भोकरदनला सापडल्या. आणि कोल्हापुरात, पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर, 1940 च्या दशकात रोमन काळातली काशाची भांडी आणि पोसायडनची वीतभर मूर्ती निघाली. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. समुद्राचा देव सह्याद्री ओलांडून कोल्हापूरला काय करत होता, हे मुलीला कोडं म्हणून घाला.

उन्हाळ्यात सांगलीला जालच. आजोबांना बरोबर घेऊन कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जा आणि तो देव तिला दाखवा. तोवर फॉर्म गेलेला असेल, लॅटिनचा असो वा फ्रेंचचा. लॅटिनचा असेल तर परतीच्या गाडीत आजोबांना 'देव' शब्द चालवायला सांगा आणि तिला 'डोमिनुस', म्हणजे मालक. देव या अर्थाचा 'देउस' नको, त्याची अनेकवचनं भलतीच आहेत. द्विवचन नाही म्हणून ती लवकर संपवेल. आणि इथल्या पुस्तकांत प्रथमेनंतर लगेच षष्ठी येते, त्यावरून आजोबा मिरजेपर्यंत वाद घालतील.